ओहोटीची वही

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि काही दिवसांतच मुंबईच्या दक्षिण किनाऱ्यावरून घेतलेल्या डॉल्फिनच्या चित्रफिती या फोनवरून त्या फोनवर फिरू लागल्या. राखाडी पाठी पाण्यातून वर यायच्या, वळायच्या, पुन्हा बुडायच्या. माणसं घरात बसली म्हणून डॉल्फिन परत आले, असं लोक एकमेकांना आनंदाने सांगत होते. त्या दिवसांत आनंदाची बातमी फारशी येत नव्हती, त्यामुळे कुणाला टोकावंसंही वाटत नव्हतं. पण डॉल्फिन परत आले नव्हते, कारण ते गेलेच नव्हते. हंपबॅक जातीचा हा डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारा. वरळी, कुलाबा, खार दांड्याच्या कोळ्यांना तो कित्येक पिढ्यांपासून माहीत आहे. एरवी त्या वेळी आपण समुद्राकडे पाठ करून लोकल पकडत होतो, एवढाच फरक.

'परत आला', 'पहिल्यांदाच दिसला', 'नाहीसा झाला' ही किनाऱ्याबद्दलची आपली आवडती विधानं. यातलं एकही विधान आधीच्या नोंदीशिवाय करता येत नाही. आणि नोंद म्हणजे नुसती आठवण नव्हे. कुणीतरी, अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, पाणी अमुक इतकं उतरलेलं असताना काय पाहिलं, आणि काय पाहिलं नाही, हे लिहिलेलं असावं लागतं. सप्टेंबर 2013 मध्ये गिरगाव चौपाटीवर गणपती विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेकांना पाकटांनी डंख मारला. लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं आणि साहजिकच भीती पसरली. त्या वेळी सगळ्यांना पडलेले प्रश्न अगदी साधे होते. ही पाकटं कोणत्या जातीची? दरवर्षी याच सुमारास किनाऱ्याशी येतात का? या वर्षी जास्त आली की फक्त पायाखाली जास्त आली? वर्षानुवर्षं कुणी त्या वाळूवर नजर ठेवून लिहीत आलं असतं, तर उत्तर देणं सोपं गेलं असतं.

मुंबईच्या किनाऱ्यावर कुणी लिहिलंच नाही, असं मात्र नाही. 1893 साली मेलविल आणि ॲबरक्रॉम्बी या दोघांनी मुंबईच्या समुद्रातल्या शंखशिंपल्यांवर एक प्रबंध छापला. त्यातल्या ॲबरक्रॉम्बींनी इथल्या किनाऱ्यांवर स्वतः शंख गोळा केले होते. पुढे 1949 ते 1952 या काळात सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती या अभ्यासकांनी मुंबईच्या शंखांची आणि शिंपल्यांची सविस्तर यादी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात दिली. याच सुमारास, 1951 मध्ये, मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत या शहराला आपल्या समुद्राबद्दल चांगलं कुतूहल होतं. त्या याद्या अजूनही ग्रंथालयांत आहेत आणि शंखांवर काम करणारे आजही त्या उघडतात. पण शहर त्या विसरलं. मधल्या दशकांत समुद्राकडे पाहण्याच्या आपल्याला दोनच तऱ्हा उरल्या. एक म्हणजे सूर्यास्त, दुसरी म्हणजे सांडपाणी. गटाराचं पाणी जिथे मिळतं तिथे काय जगणार, हा समज इतका घट्ट बसला की खडकाजवळ वाकून पाहण्याची गरजच कुणाला वाटेना.

2017 मध्ये प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हे काम सुरू केलं, ते नेमकं या समजाला उत्तर म्हणून. ओहोटीला खडकांवर जायचं, दिसेल त्याचे फोटो काढायचे, ते तारीख आणि ठिकाणासह खुल्या संकेतस्थळावर ठेवायचे आणि लोकांना बरोबर न्यायचं. हाजी अली, वरळी, गिरगाव, वांद्र्याचा कार्टर रोड, जुहू ही ठिकाणं कुणालाही बसने किंवा लोकलने गाठता येतात. मला या कामाचं मोल वाटतं ते इथेच. यासाठी ना बोट लागते, ना पाणबुड्याचं प्रशिक्षण. लागतं ते फक्त पाण्याचं वेळापत्रक.

ते वेळापत्रक कोकणातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यापासून सहा तासांवर ओहोटी. हल्ली फोनवर मिनिटाबरहुकूम तक्ते मिळतात आणि खडकात उतरताना तेच बघावेत. हिशेब ढोबळ आहे, शिवाय दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात. पण घरबसल्या दिवस ठरवायला पाऊणपट आजही पुरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि खालचे खडक उघडे पडतात. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती असते. त्या दिवशी खडकावर गेलात तर फक्त वरचा पट्टा दिसेल. म्हणून द्वितीया-तृतीया धरायची. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या आगेमागे ओहोटी. या हिशेबाने भाऊबीज हा खडकावर जायला उत्तम दिवस ठरतो. पाऊसही ओसरलेला असतो.

उतरायचं ते वरून खाली, पाणी जसं उतरेल तसं त्याच्या मागे मागे. सगळ्यात वरचा कातळ कोरडा वाटतो. पण त्याच्या भेगांत बारीक काळपट गोगलगायी तोंड मिटून बसलेल्या असतात. दिवसाचा बराच वेळ त्यांना पाण्याबाहेर काढावा लागतो आणि ऊन, पाऊस, तापलेला दगड सगळं सोसावं लागतं. त्याखाली बार्नॅकलचा पांढुरका पट्टा लागतो. अनवाणी चाललात तर पाय कापतील असं हे खरबरीत कवच. पुष्कळांना ते शिंपल्याच्या जातीतलं वाटतं. प्रत्यक्षात हा प्राणी खेकडा-कोळंबीच्या कुळातला. लहानपणी पाण्यात पोहत फिरतो, मग जागा पसंत पडली की डोक्याच्या बाजूने स्वतःला खडकाला चिकटवून घेतो आणि भोवती कवच उभारतो. पुढचं सगळं आयुष्य तिथेच. पाणी आलं की कवचाचं दार उघडतं आणि पिसांसारखे पाय बाहेर येऊन पाण्यातलं अन्न आत ओढतात. त्यांच्या खाली, काही ठिकाणी त्यांच्यातच, कालवं असतात, खडकाला सपाट चिकटलेली, धारदार कडांची.

मग डबकी लागतात, आणि इथे वेळ कसा जातो कळत नाही. ओहोटीचं पाणी जाताना कातळाच्या खळग्यांत जे मागे उरतं त्यात एक पूर्ण जग असतं. कडांना हिरवट-तपकिरी झोआंथिडची चादर पसरलेली असते. शर्टाच्या बटणांएवढी शेकडो तोंडं शेजारीशेजारी, पाण्यात उघडलेली, पाण्याबाहेर मिटलेली. अनोळखी माणूस त्याला शेवाळ समजून त्यावर पाय ठेवतो. तो प्राणी आहे, प्रवाळाचा नातलग आहे, हे एकदा कळलं की पाय आपोआप दुसरीकडे पडतो. कपारीत सी ॲनिमोन, स्पंजाचे केशरी आणि पिवळे थर, रिकाम्या शंखात घर केलेले हर्मिट क्रॅब. थोडा वेळ हालचाल न करता बसलात तर दगडाचा एक तुकडा सरकतो आणि लक्षात येतं की तो ऑक्टोपस होता. खडकाचा रंग तर त्याने घेतलेला असतोच, पण खडकाचा खडबडीतपणाही घेतलेला असतो.

फोटो काढणाऱ्यांचा जीव अडकतो तो सी स्लगमध्ये. कवच नसलेल्या या गोगलगायी. काही नखाएवढ्या, तर काही बोटाएवढ्या. जांभळ्या, पिवळ्या, ठिपक्यांच्या. त्यांतल्या बऱ्याच विशिष्ट जातीचा स्पंज किंवा हायड्रॉइड खाऊन जगतात, म्हणून सी स्लग शोधायची तर आधी तिचं अन्न शोधावं लागतं. जवळच तिच्या अंड्यांची गुंडाळलेली फीत सापडली तर ती नोंद फोटोपेक्षा मोलाची. प्राणी वाहत आला नसून इथे वाढतो आहे, हे त्या फितीवरून कळतं. आणि डबक्यात सुंदर नक्षीचा, एका टोकाला निमुळता शंख दिसला तर उचलू नये. कोन जातीच्या शंखात जिवंत प्राणी असला तर त्याचा विषारी काटा माणसाला भारी पडू शकतो. तसंही काहीच उचलू नये. दगड उलटवलाच तर होता तसा ठेवावा. त्याच्या खालच्या ओलाव्यावर किती जीव टिकून असतात ते उलटवल्यावरच दिसतं, आणि उलटा राहिला तर ते उन्हाने मरतात.

नोंद कशी करायची, यावर मी थोडी हट्टी आहे. फोटो हवाच, तोही एकाहून जास्त बाजूंनी, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून. पण फोटोबरोबर वेळ, ओहोटीची उंची, खडक की वाळू की चिखल, डबकं की कोरडा कातळ, किती दिसले आणि काय करत होते, हे लिहिलं नाही तर निम्मी माहिती तिथेच राहून जाते. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर फोटो, तारीख आणि ठिकाण असलेल्या नोंदीची ओळख दुसऱ्या जाणकारांनी पटवली की ती संशोधनासाठी वापरण्याजोगी धरली जाते. ही सोय फार मोठी आहे. रायगडमधल्या एखाद्या मुलीने काढलेल्या फोटोला जगाच्या दुसऱ्या टोकाचा शंखतज्ज्ञ नाव देऊ शकतो. तरीही तिथली आकडेवारी वाचताना सावध राहावं लागतं. माणूस सुंदर गोष्टींचा फोटो काढतो. सी स्लगच्या नोंदी भरपूर, बार्नॅकलच्या कमी. याचा अर्थ मुंबईत बार्नॅकल कमी आहेत असा कुणी घेणार नाही, पण ज्या जातींबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही त्यांच्या बाबतीत असा चुकीचा अर्थ सहज घेतला जाईल.

यावर जुना, कंटाळवाणा वाटणारा आणि खात्रीचा उपाय आहे. अर्धा मीटर बाजूची एक चौकट घ्यायची, दर महिन्याला त्याच खडकावर, त्याच तऱ्हेच्या ओहोटीला ठेवायची आणि आतलं सगळं मोजायचं. बार्नॅकल किती, कालवं किती, मोकळा कातळ किती. त्यात बातमी होण्यासारखं काही सापडत नाही. पण पाणी तापलं, जवळ भराव पडला, तेल सांडलं, तर फरक पहिल्यांदा दिसतो तो याच आकड्यांत. शून्यही लिहायचं. गेल्या महिन्यात इथे अमुक होतं, आज शोधूनही नाही, ही नोंद 'सापडलं' या नोंदीइतकीच मोलाची, आणि ती फार थोडे लोक करतात.

नोंदीला काय वजन असतं, हे मुंबईने कोस्टल रोडच्या निमित्ताने पाहिलं. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ होतं. लक्षद्वीपच्या चित्रांतलं नव्हे. गढूळ पाण्यात तग धरून राहिलेल्या लहान लहान वसाहती. पण कठीण प्रवाळ लहान असो की मोठं, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत. जुलै 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) मंजुरी रद्द केली, आणि या कायद्याखालची परवानगी लागेल हेही सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. पुढे नोव्हेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली प्रवाळाच्या 18 वसाहती काढून नेव्ही नगरच्या किनाऱ्याला नेऊन बसवल्या. मार्च 2024 मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा सुरू झाला.

या घटनाक्रमाकडे मी समाधानाने पाहू शकत नाही. प्रवाळ हलवलं, कारण त्याचं नाव कायद्यात होतं. त्याच्या शेजारचे झोआंथिड, कालवं, ऑक्टोपसची कपार यांतलं काही कायद्याच्या यादीत नव्हतं आणि भरावाखाली काय काय गेलं याचा हिशेब 18 या आकड्यात मावत नाही. तरीही तिथे काही होतं, हे आज कुणी नाकारू शकत नाही, कारण त्या खडकांवरच्या जिवांचे भराव पडण्याआधीचे फोटो तारखेसकट उपलब्ध आहेत. पन्नास वर्षांपूर्वी शहरात जिथे जिथे भराव पडले, त्यातल्या कित्येक ठिकाणांबद्दल एवढंही म्हणता येत नाही.

या सगळ्यात ज्यांचा उल्लेख सगळ्यात शेवटी होतो, त्या बायका खडकावर सगळ्यात आधी पोचलेल्या असतात. कालवं काढायला आलेल्या. लोखंडी टोकाने कवच फोडून आतला गर डब्यात टाकत त्या पाण्याच्या कडेकडेने सरकतात. त्यांची नजर पाण्याच्या उंचीवर असते, आमची कॅमेऱ्यावर. एकदा अशाच एका मावशींनी वर न बघता सांगितलं, "ताई, पाणी फिरलं. आता निघा." आम्ही तक्ता पाहिला, तर ओहोटीची वेळ नुकती कुठे टळली होती. निघता निघता मी त्यांना विचारलं, पूर्वीपेक्षा कालवं कमी झाली का? त्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, जास्त कामाचं दिलं. कोणत्या खडकाची कालवं आता घरी नेत नाहीत आणि का, ते सांगितलं. तिथे नाल्याचं पाणी येतं, आणि चव बदलली. प्रयोगशाळेत नमुना न्यावा असं ठिकाण त्यांनी जिभेवरून नेमकं दाखवलं होतं. हे ज्ञान कुठल्याही संकेतस्थळावर नाही. त्यात तारीख-वार भरण्याचं काम आपलं आहे, आणि ते भरताना ज्ञान कुणाचं हे लिहिण्याचंही.

मच्छीमारांच्या बाबतीत राज्याने एक चांगली वाट काढली आहे. डिसेंबर 2018 पासून, जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव, म्हणजे कासव, देवमासा, डॉल्फिन, व्हेल शार्क, जाळं कापून सोडून दिला तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो किंवा चित्रफीत द्यावी लागते. योजना सुटकेसाठी आहे. पण तिच्यामुळे खोल पाण्यातल्या, एरवी कुणाला कळल्या नसत्या अशा भेटींची नोंद होऊ लागली. संशोधकांना तिथे रोज जाता येत नाही, कोळी रोज जातो.

छोटी नोंद किती लांब जाते याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण गुहागरचं. कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांची पद्धतशीर राखण 2002 च्या सुमारास वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने सुरू केली. पहाटे वाळू तुडवत जायचं, मादीच्या परांचा माग काढायचा, अंडी मोजायची, कुंपणातल्या सुरक्षित खड्ड्यात हलवायची आणि सगळं लिहून ठेवायचं. घरटं मिळाल्याची तारीख, अंड्यांची संख्या, किती दिवसांनी किती पिल्लं बाहेर आली. गावातल्या कासवमित्रांच्या अशा नोंदी गावोगाव साठत गेल्या. 2022 च्या सुरुवातीला या किनाऱ्यावरच्या पाच माद्यांना उपग्रह यंत्रं लावली. वेळासच्या पहिलीचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला यंत्र लावलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा पूर्व आणि पश्चिम या दोन किनाऱ्यांच्या कासवांचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न गंभीरपणे पुढे आला.

मग जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर धातूचा बिल्ला दिसला. क्रमांक 03233. राखणदाराने तो वाचला, कळवला, आणि जुन्या नोंदी काढल्यावर उत्तर सापडलं. मार्च 2021 मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने तो लावला होता. पूर्व किनाऱ्यावर, लाखो कासवांच्या मेळ्यात भेटलेली मादी जवळजवळ चार वर्षांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात घरटं करत होती. तिने 120 अंडी घातली, त्यांतून 107 पिल्लं निघाली. या साखळीतलं कोणतंही काम अवघड नव्हतं. एकाने बिल्ला लावून क्रमांक लिहिला, एकाने पहाटे उठून तो वाचला. पण दोघांपैकी एकाने जरी लिहायचा कंटाळा केला असता, तर गुहागरला त्या पहाटे फक्त आणखी एक कासव आलं असतं.

पावसाळा हा आपल्या नोंदींमधला मोठा खळगा आहे. जून ते सप्टेंबर खडक निसरडे, समुद्र खवळलेला, म्हणून कुणी उतरत नाही, आणि उतरूही नये. पण वाळूवर चालायला काय हरकत आहे? याच दिवसांत वाऱ्याबरोबर खुल्या समुद्राचे निळे रहिवासी किनाऱ्याला लागतात. निळ्या फुग्याची ब्लू बॉटल, जी एक प्राणी नसून वेगवेगळी कामं वाटून घेतलेल्या जिवांची वसाहत आहे आणि जिच्या लांब धाग्यांचा दंश जबर दुखतो. चपटी गोल पॉर्पिटा. बुडबुड्यांच्या तराफ्याखाली लटकत राहणारा जांभळा शंख. हे सगळे वाऱ्याच्या हवाली असतात, म्हणून ते कधी, कुठे, किती लागले याची तारीखवार यादी म्हणजे वाऱ्याचीच यादी होईल. ब्लू बॉटल दिसल्याच्या नोंदी त्याच दिवशी पोचल्या तर चौपाटीवर मुलांना पाण्यात सोडावं की नाही हेही सांगता येईल.

आता मुंबईपुढे एक अशी संधी आहे जी पुन्हा यायची नाही. कोस्टल रोडच्या बाहेरच्या बाजूला नवे दगड रचले आहेत. तो भराव मला पटलेला नाही. पण लाटा त्या दगडांवर आता रोज येतात, आणि जिथे लाट येते तिथे काहीतरी येऊन चिकटतं. कोण आधी येईल, कालवं कधी धरतील, झोआंथिड येतील का, जुन्या कातळातली डबकी नसल्यामुळे कोण कधीच येणार नाही, हे मोजायचं तर सुरुवात आत्ताच करावी लागेल. दहा वर्षांनी केलेली पाहणी फक्त त्या दिवशी काय आहे तेवढंच सांगेल. मुंबईत प्राणिशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम असलेली इतकी महाविद्यालयं आहेत, त्यांतली काही समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. प्रत्येकाने एक पट्टा वाटून घ्यावा, निम्मे पट्टे जुन्या खडकांचे, निम्मे नव्या दगडांचे. सुरक्षितपणे पोचता येईल अशी जागा आणि परवानगी पालिकेने द्यावी, चौकट आणि वही महाविद्यालयाने. मुलं बदलत राहतील, तरी दर वर्षीची तुकडी आधीच्या तुकडीच्या पानापुढे लिहील, आणि त्या वह्या कपाटात न राहता कुणालाही पाहता येतील अशा ठेवाव्यात.